सदाफुलीवरची अळी

मंगलच्या आईनेच, म्हणजे माझ्या बायकोने हौसाबाईनेच, मला घरी पाठवलं होतं, म्हणून शेवटी मी तिच्याजवळ नव्हतो. लोक विचारतात, तुम्ही कुठे होता? मी सांगतो, घरी, गॅलरीत, डबा बघत होतो. ह्याच्यापुढे कोणी काही विचारत नाही.

त्या दिवशी सकाळी दवाखान्यात ती चांगली बोलली. चांगली म्हणजे त्या दिवसांच्या मानाने. चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "पाणी हाय नुसतं." मग म्हणाली, "अहो, घरी जाऊन या. निघाली का बघा." मी म्हटलं, काल तर बघून आलो, बसलीय तशीच. "काल म्हणजे काल. आज निघाली आन् कोणीच बघितली नाही मग?" आमची लेक मंगल येवल्याहून आलेली, ती उशाशी बसलेली होती. तिने मान हलवली, जा म्हणाली. मी बसने नाशिकरोडला आलो, कुलूप काढलं, गॅलरीत गेलो, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर बांधलेलं फडकं सोडलं. माती तशीच, मातीवर वाळका पाला तसाच, पाल्याखाली ती तशीच. फडकं हातात होतं तेवढ्यात शेजारच्या भालेरावांच्या सूनबाईने कठड्यावरून हाक मारली, "काका, फोन आलाय. मंगलताईंचा." तिचा आवाज ऐकूनच मला समजलं... फडकं मी डब्यावर परत नीट बांधलं आणि मग फोनवर गेलो. आधी फडकं का बांधलं ते मला सांगता येत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही. मंगल म्हणाली, "दादा, पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या माणसाबद्दल लिहितात, तुम्ही पण आईबद्दल लिहा, मन हलकं होईल." मन हलकं होत नाही, हे आधीच सांगतो. पण लिहितो. मंगलने फक्त वेलांट्या बघितल्यात. आणि हौसाबाईबद्दल लिहायचं तर मला एका अळीबद्दल लिहावं लागेल, त्याला इलाज नाही. दुसऱ्या बायकांना दागिन्यांची हौस असते, फिरायची असते. हिचं नावच हौसा, आणि हौस काय, तर अळीची.

नव्वद सालाच्या पुढेमागे आम्ही एकलहऱ्याला कॉलनीत राहायचो. मी वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर होतो. क्वार्टरच्या मागे तिने कण्हेरीचं कुंपण केलं होतं आणि एक पांढरी तगर लावली होती, देवाला फुलं पाहिजेत म्हणून. एकदा मी ड्युटीवरून आलो तर ही तगरीपाशी उकिडवी बसलेली. मला म्हणाली, "हळू या. हे बघा." फरशीवर काळ्या लेंड्या पडल्या होत्या, मिऱ्याएवढ्या. मला वाटलं उंदीर. ती म्हणाली, "उंदीर नाय. वर बघा." वर बघितलं तर काही दिसेना, नुसती पानं. तिने बोट दाखवलं तरी दिसेना. मग एक पान हललं, आणि ते पान नव्हतंच. बोटाएवढी जाड हिरवी अळी. अंगाच्या दोन्ही बाजूंनी पांढरी रेघ, तिच्यावर बारीक ठिपके, शेपटाला पिवळं छोटं शिंग. हौसाने फांदीला जरा धक्का दिला तशी अळीने तोंड आत घेतलं, मान फुगवली आणि मानेवर दोन मोठे निळे डोळे उघडले. मी मागे सरकलो. खोटं कशाला सांगू, दचकलो. ही हसून हसून खाली बसली. "एवढा कोळसा उपसता आन् अळीला भ्याले." ते डोळे खरे डोळे नसतात, नुसते रंगवल्यासारखे असतात, पाखरांना भ्यायला लावायला. पण हे आम्हाला लय उशिरा समजलं.

मी म्हटलं, काढून टाक, झाड खाईल सगळं. ती म्हणाली, "खाऊ द्या. त्या झाडाला शेळी तोंड लावत नाय, गाय लावत नाय. ही एकटीच हाय खाणारी. खाऊ द्या तिला." आणि खरंच, कण्हेर काय, तगर काय, सगळी चिकाची झाडं. कण्हेर तर नुसतं विष. आमच्या गावाला कण्हेर खाऊन बैल गेल्याचं मी डोळ्यांनी बघितलंय. आणि ही अळी तेच खाऊन दिवसागणिक दुप्पट होत होती.

मग एक दिवस ती अळी तपकिरी पडली. हिरवा रंग गेला, पाठ काळपट झाली, खाणं बंद. फांदी सोडून खाली उतरली आणि फरशीवरून इकडून तिकडे सैरावैरा फिरायला लागली. आमच्या कॉलनीत काहीही बिघडलं की लोक एकच म्हणायचे, राखेनं. लोणच्याला बुरशी आली, राखेनं. पोराला खोकला, राखेनं. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची हे खरं, पण नवऱ्याबायकोचं भांडण झालं तरी राखेवर जायचं. मीही तेच म्हटलं, "गेली ही. राखेनं गेली." ही माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या माहेरी सिन्नरकडे कोंबड्या भरपूर. म्हणाली, "मरणारं जनावर एका जागी पडून राहतं. ही जागा शोधतीय. खुडुक बसायचीय तिला." खुडुक म्हणजे कोंबडी अंडी उबवायला बसते ती. खाणंपिणं सोडते, अंग फुलवून कोपरा धरते, कोणी हात लावला की टोचते. "खुडुक बसलेलीला हलवू नये," असं म्हणून तिने तगरीच्या बुडाशी वाळका पाला लोटला. अळी त्याच्यात गेली. दोन-तीन दिवसांनी तिने पाला हळूच बाजूला केला तर आत लाकडाच्या रंगाचा कोष, बाजूला काळे ठिपके, शेंगेसारखा. बोट लावलं तर शेपूट वळवळलं. "बघा," म्हणाली, "टोचतीय."

पुढे काय झालं ते आम्हाला कधी दिसलं नाही. एक दिवस पाल्यात नुसतं फुटकं टरफल मिळालं. निघून गेली. काय निघालं, कुठे गेलं, पत्ता नाही. त्यानंतर दर पावसाळ्यात अळ्या यायच्या. आधी पानावर बारीक हिरवं अंडं, एकेकटं, मग दोऱ्याएवढी पिवळी अळी, तिच्या शेपटाला तिच्याहून लांब वाटेल असा काळा केस, मग ती हिरवी होणार, जाड होणार, तपकिरी होणार, खुडुक बसणार... आणि शेवटी टरफल. हौसा म्हणायची, "बाळंतपण चुकतं माझं दरवेळी."

रिटायर झाल्यावर आम्ही नाशिकरोडला दोन खोल्यांत आलो. तळमजला, समोर हातभर गॅलरी. तगर लावायला जागा नाही म्हणून तिने कुंड्यांत सदाफुली लावली. माझी साखर वाढलेली, कोणी तरी सांगितलं सदाफुलीची फुलं चावा, म्हणून खरं तर माझ्यासाठी लावली. मी दोन दिवस चावली आणि सोडून दिली, कडू जहर. पण पहिल्याच पावसाळ्यात सदाफुलीखाली लेंड्या. हौसाने मला हाक मारली ती अशी की मला वाटलं मंगल आली. "अहो, आली बघा. एकलहऱ्याहून आपला पत्ता काढत आली."

मंगल येवल्याला बालवाडीत शिकवते. तिने शाळेतल्या कोणाचं तरी पुस्तक आणलं, त्यात त्या अळीचा फोटो होता. आणि शेजारी एका पाकोळीचा. पाकोळी म्हणजे पतंग, दिव्यावर येतो तो. पण हा साधा पतंग नाही, हिरवा, त्यावर गडद-फिकट पट्टे, मध्ये गुलाबी झाक. मी म्हटलं, हा तर आपल्या देवळालीच्या मिलिटरीचा ड्रेस. हौसा म्हणाली, "मिलिटरीत गुलाबी असतं का? पैठणी हाय ती." पाकोळी तर आम्ही बघितलेली होती. कितीदा तरी संध्याकाळी फुलांपाशी हवेतल्या हवेत उभी राहून लांब सोंडेने मध ओढताना बघितलेली. अळीही बघितलेली. पण ह्या अळीची ही पाकोळी होते, हे आम्हाला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. हौसा त्या दोन फोटोंवर बोट ठेवून बसली. ह्याच्यावरून त्याच्यावर, त्याच्यावरून ह्याच्यावर. मंगलने वाचून दाखवलं, कण्हेर, तगर, सदाफुली, सातवीण, अशा झाडांवर अळी राहते, आणि हा पतंग आफ्रिकेपासून आपल्याकडे आणि पार पुढेपर्यंत सापडतो, उन्हाळ्यात उडत उडत थंड देशांत पण जातो, पण तिकडची थंडी त्याला सोसत नाही. हौसा म्हणाली, "आफ्रिका! मेली मी शिर्डीच्या पुढे गेले नाय." मग म्हणाली, "एकदा निघताना बघायचीय मला. त्या टरफलातून एवढी मोठी पैठणी कशी निघते, ते बघायचंय. मग गेले तरी चालेल." माणूस असं सहज बोलून जातो. तेव्हा तिला काही झालेलं नव्हतं.

मग मानेला गाठी आल्या. आधी एक, बोराएवढी. तिने ती पदराखाली ठेवली. मग काखेत, मग ताप. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी जे नाव घेतलं ते मला आजही नीट म्हणता येत नाही, पण कॅन्सर हा शब्द सगळ्यांना कळतो. सलाइनमधून औषधं सुरू झाली. काही आठवडे गेले की परत जायचं. केस गेले. एकदा औषध चालू असताना तिने सिस्टरला विचारलं, "हे कशाचं बनवतात हो?" सिस्टर मोकळ्या स्वभावाची होती. म्हणाली, "आजी, ह्यातलं एक तर सदाफुलीपासून निघतं." हौसा माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. म्हणाली, "म्हणजे मी अळीच झाले की हो." सिस्टरला काही समजलं नाही. हौसा डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "अळीला निदान शिंग तरी असतं."

त्या दिवशी मला खरंच वाटलं की आता ती बरी होणार. अडाणी माणसाचं डोकं. ती अळी विष खाऊन वाढते, तेच हिच्या अंगात चाललंय, म्हणजे हीसुद्धा तरणार, असं मी मनात धरलं. शेजारच्या भालेराव मावशींनी ऐकलं तर त्या म्हणाल्या, "मग सलाइन कशाला, दारात आहे ना झाड, पाला ठेचून रस द्या." मी वाटीही काढली होती. हौसाने वाटी बाजूला सारली. "तो पाला तिचा हाय. माझा बाटलीतून येतो." सिस्टरनेही नंतर बजावलं, असलं काही करू नका, कच्चा पाला विष आहे. विष आहे हे मला माहीतच होतं. एकाला विष चढतं आणि दुसरा त्याच्यावर पोसला जातो, ह्यात माणसाने काय करायचं? काही करता येत नाही. नुसतं उशाशी बसून बाटलीतले थेंब बघायचे. आयुष्यभर मी पट्टा अडकला तर पट्टा सोडवला, कोळसा सांडला तर उचलला. इथे हात मांडीवर ठेवून बसायचं काम, ते मला येत नव्हतं.

त्या औषधाने तिच्या बोटांची जाणीव गेली. गरम, गार, काही कळेना. ब्लाउजचे हुक मी लावायचो. ती म्हणायची, "वर-खाली लावले तुम्ही," आणि लावलेले असायचेच वर-खाली. ह्या श्रावणात सदाफुलीवर अळ्या आल्या तेव्हा खुर्ची गॅलरीत टाकून ती तासन्‌तास बसायची. एकदा म्हणाली, "माझ्या हातावर ठेवा ना." मी फांदीवरून एक अळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. अळी बोटांवरून चालली, एका बोटावरून दुसऱ्यावर. हौसा नुसती बघत होती. "चालतीय ना? मला काहीच कळंना," म्हणाली. "तुम्ही सांगा, कुठं हाय ती." मी सांगत बसलो, आता करंगळीवर आहे, आता अंगठ्यावर... समोर तिला दिसत होतंच की. पण मी सांगत होतो आणि ती ऐकत होती.

दसऱ्याच्या आसपास शेवटची अळी तपकिरी पडली. हौसाने मला बिस्किटांचा डबा धुऊन घ्यायला लावला, तळाशी माती, वर पाला, त्यात अळी सोडली, फडकं बांधलं. "आता कशी चुकते बघते," म्हणाली. पण अळी खुडुक बसली आणि लगेचच हिला ताप भरून ॲडमिट करावं लागलं. डबा दवाखान्यात न्यायचं मी म्हटलं होतं. तीच म्हणाली, "नको. खुडुक बसलेलीला हलवू नये." मग रोज तिचं एकच, "निघाली का?" आणि माझं एकच, "अजून नाही." शेवटच्या दिवशीही मी तेच सांगायला परत जाणार होतो.

ती गेल्यावर घर माणसांनी भरलं. त्या गर्दीत मी रोज सकाळी गॅलरीत जाऊन फडकं वर करून बघायचो. पाल्यात बोट घातलं की वळवळ जाणवायची. जिवंत होती. कोणाला काही बोललो नाही. बायको गेली आणि म्हातारा डबा उघडून बघतो, असं कशाला म्हणून घ्यायचं.

दहाव्याला आम्ही गोदावरीवर घाटावर गेलो. पिंड ठेवला. कावळे भरपूर, घाटावर नेहमीच असतात, पण एकही जवळ येईना. भिंतीवर बसून बघायचे आणि मान फिरवायचे. लोक एकेक बोलायला लागले. जावई हात जोडून म्हणाले, "आई, मंगलची काळजी करू नका." कावळा नाही. तिचा भाऊ म्हणाला, "अक्के, माहेरचं सगळं नीट चाललंय." नाही. मग व्याही मला म्हणाले, "अहो, तिचा जीव तुमच्यात अडकलाय. म्हणा, मी एकटा राहणार नाही, मंगलकडे जाईन." मी मोठ्याने म्हटलं, "मंगलकडे जाईन." मंगल रडायला लागली. कावळा हलला नाही. ऊन चढत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, जसं काही मीच अडवून धरलंय... मग मी पुढे झालो, खाली वाकलो आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालो, "बघीन मी. निघताना बघीन, तुझ्या वाटचं." मी मागे सरकतोय न सरकतोय तोवर कावळ्याने झडप घातली. मी असल्या गोष्टी फार धरणारा माणूस नाही. त्याला भूक लागली असेल. पण शब्द दिला तो दिलाच.

घरी आलो. सुतक फिटायचं म्हणून बायकांनी सगळं घर धुऊन काढलं होतं. फरशी ओली, चादरी, पडदे वाळत घातलेले. गॅलरीत कुंड्या एका रांगेत, आणि कठड्यावर बिस्किटांचा डबा. घासून लख्ख, पालथा. शांता, हौसाची धाकटी बहीण, पदराने हात पुसत बाहेर आली. रडून रडून डोळे सुजलेले, तरी सकाळपासून तिनेच घर घासलं होतं. म्हणाली, "दाजी, गॅलरीत किती घाण साठली होती. अक्का असती तर साठू दिली नसती. डबा चांगला हाय, म्हणून ठेवला घासून." मी विचारलं, आतली माती? "ती कचऱ्यात. आत्ताच गेली घंटागाडी." रस्त्याच्या टोकाला घंटा ऐकू येत होती. मी चपला न घालता कोपऱ्यापर्यंत गेलो. गाडी वळून निघून गेली होती. परत आलो तर शांता घाबरून उभी, "काय झालं दाजी? काही होतं का त्याच्यात?" तिला काय सांगणार? बहीण गेलेली बाई ती. म्हटलं, काही नाही, तुझ्या अक्काची माती होती जरा.

ह्याला आता काही आठवडे झाले. सगळी पाहुणेमंडळी गेली. मंगलचं सारखं चालू आहे, दादा, येवल्याला या, कावळ्यासमोर बोललात तुम्ही. बोललो, हे खरं. सामानही बांधलं होतं. निघायच्या दिवशी कुंड्यांना शेवटचं पाणी घालायला म्हणून गॅलरीत गेलो आणि पायाखाली काही तरी लागलं. लेंड्या. एवढ्या उशिरा, थंडी पडल्यावर, मला वाटलं नव्हतं. वर बघितलं, दिसेना. मग सदाफुलीचं एक पान हललं.

तीही तपकिरी पडली. तशीच खाली उतरली, तशीच सैरावैरा फिरली. मी डबा पालथा होता तो सुलटा केला, माती घातली, पाला घातला. हौसाचं जुनं पातळ फाडून त्याचं फडकं बांधलं. ह्या दिवसांत नाशिकला थंडी किती पडते ते सगळ्यांना माहीत आहे. थंडीत उशीर लागतो म्हणतात. की थंडीने मेलीसुद्धा असेल? बोट लावून बघितलं तर कळेल. लावत नाही. खुडुक बसलेलीला हलवू नये. तिची खुर्ची गॅलरीतच आहे, तिच्यावर मी बसतो, डबा समोर. ह्याच्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

रोज संध्याकाळी भालेरावांची सूनबाई कठड्यावरून हाक मारते, "काका, फोन." मी जातो. पलीकडून मंगल विचारते, "दादा, निघालात का?"

मी सांगतो, "अजून नाही."